कुणी न मागितलेला गेम

आमच्या टीव्हीखालच्या खणात एक गेम कंट्रोलर पडून आहे. काळा, मुठीच्या जागचं रबर अजून नवंकोरं. त्यात सेल नाहीत. ते दोन सेल गेल्या मे महिन्यात एसीच्या रिमोटमध्ये गेले आणि त्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

कंट्रोलर आणला होता भाच्यासाठी. दादाचा मुलगा, सातवीतला, नाशिकहून आठवडाभर आमच्याकडे भांडुपला येणार होता. उत्साह माझ्या नवऱ्याला. "इंटरनेटबरोबर एवढा डबा दिलाय, त्यात ढीगभर गेम आहेत, फुकट. पोरं फोनमध्ये मान घालून बसतात, त्यापेक्षा टीव्हीवर खेळतील." डब्याला आमच्या घरात डबाच म्हणतात. सासूबाई 'सेटअप बॉक्स' म्हणतात, आणि खरं तर अर्धी मुंबई तेच म्हणते. 'सेट-टॉप' असं नीट म्हणणारी माणसं मला फक्त ऑफिसात भेटली.

पहिला अर्धा तास कंट्रोलरची आणि डब्याची ओळख करून देण्यात गेला. मग गेम उतरवायला घेतला, तर 'जागा अपुरी'. काय काढायचं यावर घरात चर्चा. क्रिकेटचं अ‍ॅप काढायचं नाही, आयपीएल चालू होती. भजनांचं काढायचं नाही, ते का हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. शेवटी कधीच न उघडलेली दोन अ‍ॅप उडवून गाड्यांचा एक गेम बसवला. भाच्यानं वळण घेतलं. गाडीनं ते जरा विचार करून घेतलं. "आत्या, ही ऐकतच नाही गं," तो म्हणाला. दोन-तीन शर्यती झाल्या. मग तो तिथंच गादीवर आडवा झाला, फोन काढला आणि त्यावर तसलाच गाड्यांचा गेम लावला. वर टीव्हीत त्याची गाडी भिंतीला नाक लावून उभी, इंजिन चालू. साडेसातला सासूबाईंनी रिमोट उचलला आणि मालिका लावली.

मला हे नवं नव्हतं. २०१५-१६च्या सुमाराला मी मरोळच्या एका छोट्या गेम कंपनीत टेस्टर होते, आणि फोनवर टुणटुणीत चालणारा गेम टीव्हीवर आल्यावर कशी मान टाकतो, हे बघण्याचाच पगार घेत होते. आमच्या मालकांना वाटत होतं, पुढचा जमाना टीव्हीचा. तसं वाटणारे ते एकटे नव्हते. अ‍ॅमेझॉननं २०१४च्या एप्रिलमध्ये फायर टीव्ही काढला तेव्हा डबा ९९ डॉलरचा आणि कंट्रोलर वेगळा, ४० डॉलरचा. त्यासाठी स्वतःच्या स्टुडिओत गेमसुद्धा बनवून घेतला होता. त्याच वर्षी गूगलचा नेक्सस प्लेअर आला, त्याचाही कंट्रोलर वेगळा. २०१५च्या सप्टेंबरात अ‍ॅपलनं अ‍ॅप स्टोअरवाला टीव्हीचा डबा दाखवला, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांना वडापाव मागवले होते.

कंट्रोलर वेगळा. खरं तर तिथंच मनात पाल चुकचुकायला हवी होती. गेम कुणासाठी बनवायचा? कंट्रोलर घेतलेल्यांसाठी बनवला, तर अशी माणसं आहेत किती हे कुणी सांगेना. नुसता रिमोट असलेल्यांसाठी बनवला, तर गेम गेमच राहात नाही. आणि गेम चांगला नाही म्हटल्यावर कंट्रोलर कोण कशाला घेईल? अ‍ॅपलनं तर सुरुवातीला नियमच केला होता की प्रत्येक गेम त्यांच्या रिमोटवर खेळता आला पाहिजे. तो नियम २०१६च्या जूनमध्ये मागे घेतला, पण तोवर चांगल्या गेमांची नखं कापून झाली होती. शिवाय तेव्हा गेम सुरुवातीला २०० एमबीच्या आत उतरायला लागायचा, बाकीचा माल मग लागेल तसा मागवायचा.

रिमोट ही वस्तू आडवं पडून वापरण्यासाठी केलेली आहे. एका हाताची, न बघता दाबायची. साध्या इन्फ्रारेड रिमोटमधून एका वेळी एकच बटण जातं. उजवीकडचं बटण धरून ठेवून ओके दाबलंत, तर दोनातलं एक हरवतं. मग धावता धावता उडी मारायची कशी? आमच्या गेममधला माणूस धावायचा, थांबायचा, जागच्या जागी उडी मारायचा, पुन्हा धावायला लागायचा. जुलैत हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून वाट काढणारा माणूस दिसतो तसा. मी रिपोर्टात तसंच लिहिलं होतं. ते प्रोग्रॅमरला आवडलं नाही.

दुसरं दुखणं उशिराचं. चपटा टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं पुढे करत नाही. आधी ते घासतो, पुसतो, रंग चढवतो, हालचाल गुळगुळीत करतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण चित्र आणि आवाज दोघंही सारखेच उशिरा येतात. गेममध्ये बोट आधी निघालेलं असतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं, आणि असली घासपूस चालू असलेला टीव्ही सहज १०० मिलिसेकंद खाऊन टाकतो. म्हणजे तुम्ही बघताय ते सहा चित्रांपूर्वीचं. त्यात बिनतारी कंट्रोलर ब्लूटूथवर बोलणार, आणि ब्लूटूथ नि जुनं वायफाय दोघं २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच गल्लीत राहतात. आमच्या हॉलमध्ये उभं राहून वायफायची यादी उघडली की आजूबाजूच्या बिल्डिंगांची वीसेक नावं येतात. टीव्हीत 'गेम मोड' नावाची सोय असते, ती लावली की घासपूस थांबते आणि पुष्कळ फरक पडतो. पण ती कुठल्या तरी मेनूच्या पोटातल्या मेनूत असते, आणि ती लावलेली मी कुठल्याही घरात पाहिली नाही. आमच्याही नाही, मी टेस्टर असून. भाचा आला त्या दिवशी मी ती लावायला हवी होती. पण मी पन्हं करत होते आणि, खरं सांगायचं तर, मला बघायचं होतं काय होतंय ते.

ती कंपनी नंतर पुन्हा फोनकडे वळली. टेबलावरचे सात डबे एका खोक्यात गेले.

दादाच्या व्हिडिओ गेमला यातलं काहीही नव्हतं. १९९५ची दिवाळी. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली, टीव्ही एक, माणसं सहा. दादा सातवीत. गणपतीत कुणा मित्राकडे मारिओ खेळून आला आणि त्यानं हट्ट धरला. हट्ट म्हणजे नुसतं मागणं नव्हे. दोन महिने रोज सकाळी न सांगता बाबांच्या बुटांना पॉलिश. गणितात पंच्याऐंशी मिळवून दाखवायची पैज, आणि मिळवलेले ब्याऐंशी. लॅमिंग्टन रोडवरच्या तीन दुकानांतले भाव वहीच्या मागच्या पानावर. एका रात्री तो जेवला नाही. आईनं ताट झाकून ठेवलं, ते सकाळी तसंच होतं. बाबा बेस्टमध्ये होते. बोनस हातात आला त्या संध्याकाळी ते त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले आणि मारिओ काढणाऱ्या निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असलेला एक पांढरा-लाल डबा घेऊन आले. वर कुठल्याशा भलत्याच कंपनीचं नाव. खोक्यात दोन कंट्रोलर, वायरवाले, एक बंदूक, आणि एक कॅसेट. कार्ट्रिज हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकला. आमच्यासाठी ती कॅसेटच, आणि चालेना झाली की तोंडानं फुंकायची.

मूळ मारिओचा गेम ४० किलोबाइटचा आहे. सासूबाईंना रोज सकाळी येणारा गुलाबाचा फोटो त्याहून जड असतो.

बाबा म्हणायचे, यानं टीव्हीची ट्यूब जाते. तेव्हा सगळ्यांचेच बाबा तसं म्हणायचे. म्हणून वेळ ठरलेली: रविवारी जेवणं झाल्यापासून चारपर्यंत. दाराबाहेर गॅलरीत चाळीतली पोरं नंबर लावून उभी. मी कायम लुइजी. दादाचा मारिओ मेला की माझी पाळी, आणि दादाचा मारिओ लवकर मरत नसे. बंदुकीनं बदकं मारायचा गेमही होता. ती बंदूक आजच्या चपट्या टीव्हीपुढे धरली तर चालत नाही. तिचा सगळा हिशोब जुन्या फुगीर काचेवर चित्र कुठल्या क्षणी उमटतं त्यावर बांधलेला होता, आणि ते तिथं तत्क्षणी उमटायचं. बटण दाबलं की उडी. मध्ये कुणी नाही.

मरोळच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये मी मोठ्या ठसक्यात सांगितलं होतं: टीव्ही सगळ्या घराचा असतो, गेम एकट्याचा, म्हणून हे जमत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता ते उत्तर मला तोकडं वाटतं. टीव्ही तर लालबागलाही सगळ्यांचाच होता, उलट भांडण जास्त. पण तेव्हा घरात दुसरी काच नव्हती. दादाला टीव्ही जिंकणं भाग होतं, आणि रविवारी चारपर्यंत तो जिंकत असे. भाच्याला काहीच जिंकायची गरज नाही. त्याची काच त्याच्या खिशात आहे. तिच्यावर त्याचं नाव आहे, त्याची लेव्हल आहे, नाशिकचे दोस्त आहेत, आणि त्याची गाडी त्याच्या अंगठ्याखालीच वळते.

आणि डबा? तो कुणाच्या हट्टानं घरात आलाच नाही. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून बॉक्सशिवाय केबल दिसेनाशी झाली, तेव्हा आमचा पहिला डबा सरकारच्या हुकमानं आला. दुसरा फायबरच्या प्लॅनबरोबर आला. त्यात गेम आहेत हे आम्हाला डबा लावून गेलेल्या मुलानं जाता जाता सांगितलं, पायात चप्पल घालताना.

कुणी म्हणेल, औया नावाच्या गेमच्या डब्याला तर लोकांनी मागून घेतलं होतं. घेतलं होतंच. २०१२च्या जुलैत किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइटवर, त्या ९९ डॉलरच्या डब्यासाठी ६३ हजारांहून जास्त लोकांनी ८५ लाख डॉलरहून जास्त रक्कम आगाऊ मोजली होती. २०१३मध्ये तो दुकानांत आला, २०१५मध्ये रेझर कंपनीनं त्याचं गेमचं ऑनलाइन दुकान विकत घेतलं, २५ जून २०१९ला सर्व्हरही बंद झाले. यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. माझं मत असं की तिथं हट्ट होता तो डब्याचा. आत जे होतं त्यातलं बरंचसं फोनवरून आलेलं. दादानं व्हिडिओ गेम मागितला नव्हता, त्यानं मारिओ मागितला होता. डबा मारिओसाठी यावा लागला.

यंत्र दुबळं म्हणून हरलं असंही म्हणवत नाही. एनव्हिडियाचा शील्ड टीव्ही हा डबा २०१५मध्ये आला, त्यात टेग्रा एक्स१ चिप. २०१७च्या मार्चमध्ये निन्टेंडोनं त्याच जातीची चिप स्विच या आपल्या गेमच्या यंत्रात घातली, आणि स्विच १५ कोटींहून जास्त विकले गेले. शील्ड हौशी लोकांच्या घरात सिनेमे दाखवतो. उत्तम दाखवतो. तीच डाळ, पण एका घरात आमटी झाली आणि दुसऱ्या घरात नुसतं वरण. स्विचबरोबर निन्टेंडोचे स्वतःचे गेम होते, आणि निन्टेंडोचं पोट त्या गेमवरच आहे. डबेवाल्यांचं, म्हणजे आपल्या जेवणाच्या नव्हे, टीव्हीच्या डबेवाल्यांचं पोट मालिका, सिनेमे, क्रिकेट आणि जाहिरातींवर. गेम हे त्यांच्या पानातलं लोणचं. डाव्या बाजूला वाढायचं असतं म्हणून वाढलेलं. कमी पडलं तरी कुणी पंगतीतून उठत नाही. माइनक्राफ्टसारखा गेम २०१६च्या डिसेंबरात अ‍ॅपल टीव्हीवर आला आणि दोनेक वर्षांत काढूनही घेतला. डबा नकोच, सगळा खेळ दूरच्या सर्व्हरवरून पाठवू म्हणणारा गूगलचा स्टेडिया २०१९च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १८ जानेवारी २०२३ला मिटला, लोकांना पैसे परत देऊन. तो भारतापर्यंत पोचलाच नाही.

आमच्याकडे पैशाचा प्रसंगही झाला. भाच्याला दुसऱ्या दिवशी डब्यावरच एक बरा गेम सापडला, पण विकतचा. मी म्हटलं, घे. डब्याचं खातं नवऱ्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर. तो त्या वेळी कुर्ला आणि शीवच्या मध्ये कुठं तरी, एका हातानं कडी धरून. आम्ही त्याला फोन लावेपर्यंत त्यानं मेसेज वाचला, आपल्या कार्डावर कुणी तरी गेम विकत घेतंय म्हणजे फ्रॉडच असणार असं ठरवलं, आणि तिथल्या तिथं कार्ड बंद करून टाकलं. नवीन कार्ड यायच्या आत भाचा नाशिकला पोचला होता.

एकत्र बसून खेळायची हौस घरात नाही असंही नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शननं २८ मार्चपासून रामायण पुन्हा लावलं, तेव्हा आमचे टीव्हीचे तास ठरून गेले होते. बाकीच्या वेळात लुडो. खाडीपलीकडे, नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६मध्ये काढलेला लुडो किंग तोवर लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगांवर पसरलेला होताच. चौघं जण, मध्ये एक फोन, काचेला तडा गेलेला. चार फुटांवर बत्तीस इंची टीव्ही काळा पडलेला, आणि आम्ही चौघं त्या तळहाताएवढ्या पटावर डोकी टेकवून. टीव्हीवर लावूया, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी नंतर विचार केला, का आलं नाही? फोन हातातून हातात जात होता. फासा टाकायचा म्हणजे तो आपल्याकडे यायला हवा, शेजारच्यानं तो द्यायला हवा, देताना थोडं छळायला हवं. माझ्या दिराची पाळी आली की सासूबाई फोन पदराखाली घ्यायच्या. हे भिंतीवरच्या पडद्यावर कसं करणार?

नेटफ्लिक्सनं २०२३मध्ये फोनलाच कंट्रोलर करून टीव्हीवर गेम खेळायचा प्रयोग काही देशांत सुरू केला. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं आहे. निदान दोन अंगठे तिथं आधीच बसलेले आहेत. पण फोन हातात आला की त्यात बाकीचं सगळंही असतं, आणि भाचा ज्या सफाईनं गादीवर आडवा झाला ते मी पाहिलेलं आहे.

एवढं सगळं असूनही आमच्या डब्यावर रोज गेम खेळला जात होता. हे सांगायचं राहिलं.

दुपारी अडीच ते चार. नवरा ऑफिसात, मुलगी क्लासला, मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर. सासूबाई दिवाणावर कुशीवर, उशीला उशी लावून, हातात रिमोट. एकटीनं लावायचा पत्त्यांचा एक गेम. हिरवा पट, मोठे मोठे पत्ते. एका वेळी एकच बटण पुरतं. पत्ता सरकायला उशीर झाला तर त्यांची हरकत नसते, त्यांनाही पुढचं सुचायला वेळ हवाच असतो. पंखा चालू, आवाज बंद. दोन डाव झाले की डोळा लागायचा, आणि पट तसाच उघडा. मरोळच्या ऑफिसात आम्ही ज्याच्यासाठी गेम बनवतोय त्या गिऱ्हाइकाचं एक चित्र भिंतीवर चिकटवलं होतं, हेडफोन लावलेला विशीतला मुलगा. मी एकदा म्हटलं, "आई, तुम्ही या घरातल्या सगळ्यात मोठ्या गेमर." तर म्हणाल्या, "मी कुठं गेम खेळते? मी पत्ते लावते."

गेल्या आठवड्यात डब्याचा अपडेट आला. दुपारी हाक आली, "अगं, माझे पत्ते गेले बघ."

मी शोधले. सेटिंगमध्ये, स्टोअरमध्ये, नावानं, चित्रानं. डब्याच्या कंपनीला फोन केला. वीस मिनिटं संगीत ऐकून झाल्यावर एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की तो गेम आता उपलब्ध नाही, पण दुसरे शंभर आहेत मॅडम, ट्राय करा. फोनवर तसाच गेम घालून दिला. "फोनवर नको. अक्षर बारीक, आणि मान दुखते." टीव्हीवर दुसरा पत्त्यांचा गेम लावून दिला. त्यात राजा-राणी ओळखू येत नाहीत, आणि प्रत्येक डावानंतर जाहिरात.

त्या रोज विचारतात. सकाळी भाजी निवडताना विचारतात, रात्री ताटावर विचारतात. "तू त्याच ऑफिसात होतीस ना गं? कुणाला तरी फोन करून सांग, म्हणावं म्हातारी पत्ते लावायची, तेवढे ठेवा." मी सांगितलं, आई, ती कंपनी वेगळी, हे लोक वेगळे, कुणाला फोन करायचा तेच मला माहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

काल त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.